वाढदिवसाची रंगीत तालीम

ज्या कामात चूक झाली तरच माणसाचे नाव निघते आणि सारे सुरळीत पार पडले तर तो तिथे होता हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही, असे काम जन्मभर करणाऱ्या बाईचा स्वभाव गोड राहावा, अशी अपेक्षा कुणी धरू नये. तिने स्वतः तरी ती कधी धरली नव्हती. एका नाटक मंडळीत ती रंगमंच व्यवस्थापक होती. पडदा कधी उघडायचा, दिवे कधी मंदावायचे, कुठल्या नटाच्या हातात पत्र द्यायचे आणि कुणाच्या हातातून चहाचा कप वेळेवर काढून घ्यायचा, हे सगळे विंगेतल्या स्टुलावर बसून ती सांभाळायची. नट तिला समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'हेडमास्तरीण'. टाळ्या उजेडात उभ्या असलेल्यांना मिळत. तिच्या वाट्याला प्रयोग संपल्यावर कुणाची तरी टोपी सापडत नसल्याची तक्रार येई.

डॉक्टर, शाळा आणि नातेवाईक या तिन्हींवरचा तिचा विश्वास क्रमाक्रमाने उडाला होता. उरली होती ती एकच श्रद्धा: जे तालमीत नीट बसते ते प्रयोगात ढासळत नाही.

तिच्या मुलाला घरात 'पंत' म्हणत. हात पाठीमागे बांधून, मान किंचित पुढे काढून तो घरभर फेऱ्या घाली, तेव्हा एखादे निवृत्त न्यायाधीश बागेत फिरायला निघाल्यासारखे दिसे. नाव बापाने ठेवले होते. पंतांना ऑटिझम होता. पुस्तकी भाषेत त्याला स्वमग्नता म्हणतात, आणि त्या शब्दाचा तिला मनस्वी संताप येई. वरच्या मजल्यावरच्या पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची थरथर, शेजारच्या माणसाच्या कपड्यांना येणारा साबणाचा वास, यांतले काहीही ज्याला चुकवता येत नाही, तो स्वतःत मग्न कसा? मग्न होते ते बाकीचे सगळे. पण शब्द तयार करणाऱ्यांनी त्याला कधी विचारले नव्हते.

पंतांचे निम्मे बालपण विंगेत गेल्यामुळे त्याची भाषा प्रयोगापूर्वीच्या निवेदनाची झाली होती. भूक लागली की तो 'जेवणास थोड्याच वेळात प्रारंभ होईल' असे सांगे. स्वतःसाठी मात्र तो कधी काही मागत नसे. म्हणून त्या संध्याकाळी धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालता घालता त्याने, घडीवरची नजर न काढता, जे जाहीर केले ते ऐकून तिच्या हातातली कपड्यांची टोपली हातातच राहिली.

"शनिवारी वाढदिवस आहे. पंधरा पूर्ण होतील. केक कापला जाईल. भिंगरी येईल."

भिंगरी म्हणजे त्याची चुलत बहीण, मोठ्या दिरांची मुलगी, त्याच्याहून वर्षाने मोठी. एका जागी स्वस्थ बसणे तिच्या रक्तात नव्हते, म्हणून भिंगरी. लहानपणी ती तासन्‌तास बडबडत त्याच्याभोवती फिरे आणि तो तिला फिरू देई. हे भाग्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नव्हते. त्याच्या वयाचे म्हणावे असे जगात त्याला तेवढे एकच माणूस होते, आणि ते माणूस दोन वर्षांत त्यांच्या घरी फिरकले नव्हते.

त्यामागे तेरावा वाढदिवस होता. मोठ्या दिरांनी हौसेने सभागृह घेतले, माइकवर ओरडून मुलांना हसवणारा एक माणूस आणला आणि छताला फुगे टांगले. तिने आधी दहादा सांगितले होते, की आवाज नको. "अगं, एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही, सवय व्हायला हवी," असे तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या. मग एक फुगा फुटला, सगळ्यांनी एकदम टाळ्या पिटल्या, आणि कानांवर हात दाबून धावत सुटलेल्या पंतांच्या कोपराने टेबलावरचा काचेचा जग उडाला. भिंगरीच्या भुवईला टाके पडले. त्यानंतर जाऊबाईंचे वागणे कसे होते, हे सांगायला एक शब्द पुरे आहे: सभ्य. फोन येत, चौकशी होई, तब्येतीची विचारपूस होई. "एकदा या ना घरी," म्हटले की तिकडून 'बघू' असा शब्द येई आणि विषय हवापाण्यावर जाई. जगात जेवढ्या दारांवर ती जाऊन आली, शाळांच्या, दवाखान्यांच्या, सुट्टीतल्या शिबिरांच्या, तिथे तिला याच शब्दाने बाहेर काढले होते. 'नाही' म्हणायची हिंमत कुणात नव्हती.

तरी तिने फोन केला. मान खाली घालणे तिला जमत नसे. पण मुलाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितले होते, आणि ते मागणे एका माणसाचे होते. भिंगरी तो केक तोंडात घालील न घालील, पण या खेपेला नाही आली तर पुन्हा कधीच येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होते. मुली मोठ्या होतात, त्यांना मैत्रिणी होतात, आणि विचित्र चुलत भाऊ लहानपणीच्या खेळण्यांबरोबर माळ्यावर जातो. आपण दोघे गेल्यावर याच्या दारावर कोण टकटक करील, हा प्रश्न तिने नवऱ्यासमोरसुद्धा कधी उच्चारला नव्हता. त्याचे एकमेव संभवनीय उत्तर शनिवारी अर्ध्या तासासाठी येणार होते. जाऊबाईंनी तेवढाच वेळ कबूल केला होता.

"अर्धा तास. आणि काही झालं तर मी तिला घेऊन त्याच पावली निघेन. राग मानू नकोस."

"नाही मानणार, वहिनी," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ राग मानत बसली.

मग तिने शनिवार हातात घेतला. केकवाल्याकडे जाऊन साधा, चौकोनी, बिनफुलांचा आणि बिननावाचा केक सांगितला. पंतांना कुठलेही अक्षर कापलेले सहन होत नसे. लिहिलेले वाचायचे असते, चिरायचे नसते, असे त्याचे मत होते आणि त्यात चूक काय, हे तिला आजवर कुणी पटवून दिले नव्हते. केकवाल्याला मात्र ते पटेना. "ताई, नाव टाकायचे पैसे नाही घेत आम्ही," तो पुन्हा पुन्हा समजावू लागला, जणू गरिबीपायी तिला पोराचे नाव परवडत नव्हते. शेवटी तिने त्याला सांगितले, की केक एका बिननावाच्या माणसासाठी आहे. तेव्हा तो गप्प झाला आणि घाबरून मान डोलवू लागला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबनीस राहत. शनिवार हा त्यांचा भिंतीत खिळे ठोकण्याचा वार होता. त्यांनी तिची विनंती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "त्याला आवाजाचं होतं काय नेमकं? डॉक्टरांना दाखवलंत का?" पंधरा वर्षे डॉक्टरांना दाखवण्यापलीकडे जिने दुसरे काही केले नव्हते, तिला हा सल्ला जिन्यात उभे राहून मिळाला. ती कधी नव्हे ते हसली आणि म्हणाली, की हो, दाखवते. शनिवारी खिळे ठोकले जाणार नाहीत, एवढे पदरात पाडून घ्यायचे होते.

तालमी सोमवारी सुरू झाल्या. केकच्या जागी बिस्किटांचा रिकामा डबा, सुरीच्या जागी लाकडी पट्टी. नवरा औषधांच्या दुकानात काम करी. तिथून दमून आला की त्याला जाऊबाई व्हावे लागे. खांद्याला तिची पर्स अडकवून तो दारातून आत येई, सोफ्यावर बोट फिरवून धूळ बघे आणि सुस्कारा टाके. भीती वाटली की विनोद करायचा, ही त्याची जुनी खोड होती. त्या आठवड्यात तो अखंड विनोद करत होता.

"नक्कल पुरे," ती म्हणाली. "वहिनी काही सुस्कारे टाकत नाहीत."

"तुझ्यासमोर नाही टाकत. मी त्यांचा दीर आहे, मी घाऊक ऐकलेत."

पंतांचा आक्षेप वेगळा होता. "या मोठ्या काकू नाहीत," त्याने नोंदवले. "हे बाबा आहेत. पर्स आईची आहे." पण ही तालीम आहे, असे तिने सांगितल्यावर त्याने तो मुद्दा सोडून दिला. तालीम म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते: खोटे खोटे, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा. बेल वाजवायची नाही, दारावर हलके टकटक करायचे. आल्या आल्या कुणी त्याला जवळ घ्यायचे नाही. गाणे नाही, टाळ्या नाहीत. सगळ्यांनी फक्त हात वर करून बोटे हलवायची. मेणबत्ती एकच, आणि तीही फुंकायची नाही, कारण फुंकर अस्वच्छ असते, हे खुद्द पंतांचे कलम होते. मेणबत्तीवर पेला पालथा घालायचा. भिंगरीच्या जागी निळी खुर्ची ठेवली होती. तिसऱ्या तालमीत त्या खुर्चीला त्याने 'स्वागत आहे' म्हटले, तेव्हा नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहणे टाळले.

आणि इथे तिने तिच्या पेशाला शोभेल अशी चूक केली. प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम हवी. खरे कपडे, खरे दिवे, खरे सामान. तिच्या राज्यात याला अपवाद नव्हता. तिने केकवाल्याकडून तसलाच आणखी एक केक आणला. मंडळीतला प्रकाशवाला डोळ्यांना न टोचणारा, कमी-जास्त करता येणारा दिवा घरी लावून गेला. शुक्रवारी संध्याकाळी पंतांनी नवा सदरा घातला. त्याची मानेला टोचणारी मागची पट्टी तिने आधीच उसवून काढली होती. दारावर टकटक झाली. मेणबत्ती लागली, पेला पालथा पडला, ज्योत विझली. तीन हात वर होऊन बोटे हलली, त्यांत त्याचे स्वतःचेही होते. त्याने केकचे अगदी सारखे चौकोन पाडले, एक चौकोन बशीत घालून निळ्या खुर्चीसमोर ठेवला, आणि थोडा वेळ खुर्चीकडे पाहत उभा राहिला. मग हात पाठीमागे बांधून खोलीत निघून गेला. एकही गोष्ट चुकली नाही.

रंगीत तालीम फार सुरळीत झाली की विंगेतली माणसे प्रयोगाची धास्ती घेतात. तिनेही घेतली. पण ती तिने सवयीची समजून बाजूला सारली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतले.

शनिवारी दुपार टळल्यावर ती त्याला तयार हो म्हणायला गेली. तो घरातल्या जुन्या विजारीत पलंगावर बसून उशांच्या खोळी नीट करत होता. नवा सदरा घडी होऊन कपाटात गेला होता.

"पंत, कपडे बदल. येतील आता सगळे."

"वाढदिवस काल झाला," तो म्हणाला.

"काल तालीम होती रे. वाढदिवस आज आहे."

"तालमीत डबा असतो. काल केक होता. मेणबत्ती विझली. पंधरा पूर्ण झाली." त्याने खोळीचा कोपरा बोटाने बाहेर काढला. "आज कापला तर सोळा होतील. ते चूक आहे."

तिने समजावले. तारीख दाखवली. नवऱ्याने येऊन विनोद केला आणि तो अर्ध्यावर सोडला. पंत चिडला नाही, ओरडला नाही. तसे झाले असते तर काय करायचे ते तिला ठाऊक होते. एखाद्या हट्टी अधिकाऱ्याला नियम समजावून सांगावा तसा तो शांत होता. मग खोळीवरून हात फिरवत त्याने उरलेले वाक्य पुरे केले.

"काल भिंगरी आली नाही."

त्याने निळ्या खुर्चीकडे पाहिले होते ते का, हे तिला आता कळले. त्याच्या लेखी वाढदिवस साजरा झाला होता, बोलावलेले माणूस आले नव्हते, आणि त्याने ती गोष्ट कुणाकडेही तक्रार न करता मनात नोंदवून ठेवली होती. जगाने त्याला जे जे नाकारले त्याचा हिशेब ती पंधरा वर्षे ठेवत आली होती. त्यातली ही एक नोंद तिने स्वतःच्या हाताने, दिव्याबिव्यासकट घातली होती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली, हलकी, तिने फोनवर सांगितल्याबरहुकूम.

मोठे दीर आले, पाठोपाठ जाऊबाई, आणि त्यांच्या मागे वीतभर उंच झालेली भिंगरी. भुवईतली पांढरी रेघ तिने केसांनी झाकली नव्हती. कुणी कुणाला मिठी मारली नाही, कुणी मोठ्याने बोलले नाही. टेबलावर अख्खा केक होता, दिवा मंद होता, सगळे जागच्या जागी होते आणि नाटकातला नायक तेवढा खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. पडदा उघडून नट न येणे, हे तिच्या कारकिर्दीत कधी घडले नव्हते. ती काय झाले ते सांगू लागली आणि सांगता सांगता तिला ते वेड्यासारखे वाटू लागले.

"म्हणजे आता वाढदिवस नाही?" जाऊबाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता. सुटका होती, आणि ती तिला रागापेक्षा जास्त लागली. "मग आपण निघू या का? उगाच त्याला त्रास नको."

बायकोचे वाक्य पुरे व्हायच्या आतच दीर उठायच्या बेतात होते. नवरा पाणी आणायला गेला तो स्वयंपाकघरातच राहिला. भिंगरी मात्र पंतांच्या खोलीच्या दारापाशी पोचली होती, आणि हे पाहताच पंतांची आई झटकन पुढे होऊन दारात आडवी आली. दोन वर्षे ज्या मुलीची वाट पाहिली तिलाच ती अडवत होती. त्या भुवईला पुन्हा काही झाले, तर हे दार कायमचे बंद होणार होते.

"काकू, मी आत नाही जाणार," भिंगरी हळू आवाजात म्हणाली. "काल झाला ना वाढदिवस? मग मी उशिरा आले. तेवढंच सांगते."

ती दाराबाहेर उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली. उसवलेली चादर शिवावी तशी सावकाश म्हणाली, "पंत, मला उशीर झाला."

आत खोळीची सळसळ थांबली.

"काल यायचं होतं," पंत म्हणाला.

"हो. माझं चुकलं."

मग आतून स्वच्छ, निवेदकाच्या स्वरात उत्तर आले: "उशिरा आलेल्या प्रेक्षकांना मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावे लागेल."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि पाठ भिंतीला टेकवून थांबली.

मध्यंतर केव्हा, हे विचारायची सोय नव्हती. जाऊबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पर्स मांडीवर, नजर घड्याळावर. दिरांनी हवेचा विषय काढला, कुणी तो धरला नाही. ती मात्र दोन माणसांच्या मध्ये उभी होती. एकीला अर्धा तास मोजायचा होता आणि दुसऱ्याला वेळेची गरजच नव्हती. हजारो प्रयोगांत कुठला अंक किती वेळ चालेल हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. या अंकाचे तिला काहीही ठाऊक नव्हते. भिंगरी, जिला एका जागी बसणे जमत नसे, ती पायाच्या बोटांनी जमिनीवर रेघा ओढत बसून राहिली. तिने फोन काढला नाही. एकदा तिने काकूकडे पाहून भुवया उंचावल्या, काय करू, अशा अर्थाने.

"चल गं," जाऊबाई शेवटी उठल्या. "झाला अर्धा तास."

"मध्यंतर नाही झालं अजून," भिंगरी म्हणाली.

"भिंगरी."

"आई, तू थांब नाहीतर जा. मी उशिरा आलेय, मला थांबायचंय."

जाऊबाईंनी धाकट्या जावेकडे पाहिले. मुलीने असा उलट जबाब दिला तो तूच शिकवलास, असे त्या नजरेत होते. जाऊबाई पुन्हा बसल्या, आता खुर्चीत जरा मागे.

मग पंत बाहेर आला. जुन्या विजारीत, हात पाठीमागे. भिंगरीच्या पायांना वळसा घालून तो स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, पेला विसळून उपडा ठेवला आणि परतताना, कुणाकडेही न पाहता, "मध्यंतर" असे म्हणून आत गेला. दार त्याने लोटले नाही.

भिंगरी आत गेली. बाहेरून एवढेच ऐकू आले की ती बोलत होती, अखंड, खालच्या पट्टीत, आणि मधूनमधून खोळीची सळसळ होत होती. दाराशी उभ्या असलेल्या आईच्या कानांत प्राण गोळा झाले होते. काही फुटले नाही, कुणी किंचाळले नाही.

"केक कापायचा नाही का?" जाऊबाईंनी विचारले.

"नाही, वहिनी," ती म्हणाली. "तो काल कापला."

बाहेर आली तेव्हा भिंगरी गुलाबी झाली होती, खूप बोलल्यावर होते तशी. उशीची एक खोळ तिने घातली होती, पण ती उलटी घातली म्हणून त्याने पुन्हा काढायला लावली, असे तिने सांगितले. बूट घालता घालता ती काकूकडे वळली.

"काकू, पुढच्या वर्षी मला शुक्रवारीच बोलवा. तालमीला."

तिने भिंगरीच्या आईकडे पाहिले. जाऊबाईंनी पर्सचा बंद खांद्यावर सरकवला, मुलीच्या भुवईकडे एकदा आणि खोलीच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिले.

"बघू," त्या म्हणाल्या.

हा शब्द ती आयुष्यभर ऐकत आली होती आणि त्याचा अर्थ तिला पाठ होता. पण पायऱ्या उतरणाऱ्या पावलांचा आवाज विरेपर्यंत ती दारात उभी राहिली, कारण या खेपेला त्या शब्दाचा अर्थ तिला लावता येईना.